शेऱ्याचा रकाना

…आणि नेमकं तिथेच लिफ्टचं दार बंद झालं. आता मला सांगा, माणसाने बोलायचं तर पूर्ण बोलावं की नाही? "एक तारखेपासून तळमजल्यावरच्या काकूंना मधून काढायचं, म्हणजे मग…" एवढं माझ्या कानावर पडलं आणि लिफ्ट गेली वर. म्हणजे मग काय? म्हणजे मग सुटलो? म्हणजे मग मोकळा श्वास घेऊ? मी खाली उभी, हातात झटकायला घेतलेलं पायपुसणं, आणि डोळे लिफ्टवरच्या त्या लाल आकड्यांवर. एक… दोन… तीन. तिसऱ्यावर थांबली. आणि तुम्हाला सांगते, तळमजल्यावरची काकू या इमारतीत एकच आहे. समोरच्या खोलीत कमिटीचं टेबल आणि खुर्च्या राहतात, त्यांना अजून कोणी काकू म्हटलेलं नाही.

लोक म्हणतात, मी कान लावून बसते. अहो, कान काय काढून खुंटीला लटकवू? मुख्य दरवाजा इकडे, लिफ्ट तिकडे, आणि दोहोंच्या बरोब्बर मधे आमचं घर. येणारा माझ्या उंबऱ्यावरून येणार, जाणारा माझ्या उंबऱ्यावरून जाणार, आणि जाताना बोलत जाणार. मी कुणाच्या मधे पडत नाही हो, माझं दारच मधे आहे.

आणि दार मधे आहे म्हणूनच बावीस वर्षांपूर्वी लोकांनी आपण होऊन किल्ल्या आणून दिल्या. दहा घरं, दहा आकडे, दाराच्या आत एक फळी, फळीवर दहा जादा किल्ल्या. कुणी बाहेरगावी गेलं, कुणी दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली, की "काकू!" पार्सल आलं, "काकू!" नळ बिघडला, दिवा गेला, लिफ्ट अडकली, आधी "काकू!" आणि मग जगातली बाकीची माणसं. म्हणून मी एक वही केली. वहीला दोरीने पेन बांधलं. चार रकाने. तारीख, मजला, म्हणणं काय, आणि शेरा.

हा शेरा काय प्रकार, ते सांगते. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. चाळीस वर्षं तेच. गिऱ्हाईक घड्याळ देऊन गेलं की हे त्याला एक चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीच्या वरच्या अर्ध्यावर गिऱ्हाईक काय म्हणतं ते, आणि खालच्या अर्ध्यावर खरं काय ते. वर लिहिलेलं असतं, "घड्याळ मागे पडतं." खाली लिहिलेलं असतं, "चावी द्यायला विसरतात." म्हणणं वेगळं आणि बिघाड वेगळा, हे मी ह्यांच्याकडून शिकले. तर वहीत तिसऱ्या रकान्यात लोकांचं म्हणणं आणि चौथ्यात खरं काय ते. चौथा रकाना मी कुणाला दाखवत नसे. नळवाल्यालासुद्धा मी तोंडीच सांगायची.

तर अशी मी. आणि मला मधून काढायचं. एक तारखेपासून.

घरात गेले, ह्यांना सांगितलं. ह्यांच्या डोळ्याला ते भिंग लावलेलं, समोर कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडं. म्हणाले, "पूर्ण ऐकलंस का?"

म्हटलं, "लिफ्ट थांबली असती तर ऐकलं असतं."

"मग अर्ध्या वाक्यावर कशाला रागावतेस? अर्धंच रागाव."

चाळीस वर्षं हा माणूस काट्यांशी बोलतोय, दुसरं काय येणार तोंडातून?

बोलणारे कोण होते, तर आमचे सेक्रेटरी. नोकरीत नकाशे काढायचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण बोलणं अजून पट्टी लावूनच. "वहिनी, मुद्दा क्रमांक एक." असं. आणि ऐकणारी कोण, तर तिसऱ्या मजल्यावरची ढगवाली. ढगवाली हे नाव मीच दिलंय. ती घरातूनच ऑफिसचं काम करते, दिवसभर कानाला ते डबडं लावून, आणि पहिल्यांदा मी विचारलं होतं की बाळा, तुझं काम चालतं तरी कुठे, तर म्हणाली, "काकू, सगळं क्लाउडमधे असतं." खिडकीतून वर बघितलं मी. म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी तिचं एक पार्सल आलं होतं, तेच घेऊन वर गेले. एरवी मी खालूनच हाक मारते, माझे गुडघे कुठे जिने चढायला राजी असतात, पण त्या दिवशी लिफ्टमधे पायच ठेववेना. चढले तीन मजले. दार उघडून म्हणते, "अहो काकू, फोन करायचा ना, मी आले असते."

म्हटलं, "फोन करून काय, पूर्ण वाक्यं ऐकायला मिळतात का कुणाची?"

ती जरा चपापली. मग तिने मला खुर्ची दिली आणि स्वतःचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर चौकोन आणि चौकोनांना जोडणारे बाण. एखाद्या पोराने शाळेत काढावेत तसे. म्हणते, "काकू, हे बघा. लोकांच्या फोनमधे वेगवेगळी ॲपं असतात ना, ती एकमेकांशी बोलत नाहीत. इथे तक्रारीचा फॉर्म. इथे तक्त्याची फाइल. इथे नळवाल्याचा मेसेज. इथे आपल्या इमारतीचा ग्रुप. मी नुसती मधे जोडणी करते. इकडे हे झालं, की तिकडे ते आपोआप होतं. फॉर्म भरला की तक्त्यात ओळ पडते, ओळ पडली की नळवाल्याला कळतं आणि ग्रुपवर सगळ्यांना दिसतं. मधे कुणी माणूस लागत नाही."

मी त्या बाणांकडे बघत राहिले. म्हटलं, "पोरी, एकाने दुसऱ्याला सांगायचं नाही, तिसऱ्याला सांगायचं, आणि तिसऱ्याने चौथ्याला जाऊन कळवायचं… हे काम मी बावीस वर्षं करतेय. तुला पगार मिळतो याचा?"

ती हसायला लागली. मी नाही हसले. म्हटलं, "आणि हा तुझा बाण, याला कळतं का, की पाचव्या मजल्यावरच्या मास्तरांच्या दारावर दोनदा ठोठावावं लागतं? एकदाच ठोठावलं तर ते म्हणतात, वारा असेल."

तिने जरा विचार केला. "नाही," म्हणाली. "बाण ठोठावत नाही."

झालं. उत्तर मिळालं मला. खाली येताना प्रत्येक पायरीला मी तेच म्हणत होते, बाण ठोठावत नाही.

आता पुढचं ऐका. शनिवारी सकाळी कमिटीच्या खोलीत दोघं बसलेले. दार उघडं. माझंही दार उघडं. मी कुणाच्या मधे पडत नाही, माझं दारच मधे आहे. ढगवाली म्हणत होती, "काका, चौकोन सगळे तयार आहेत, पण प्रत्येक ॲपमधे एकदा आपण शिरून परवानगी द्यावी लागते. हे तुमचं आहे, यांना जोडू द्या, असं. नाहीतर त्याच्यापुढे लाल फुली येते. बाकी सगळीकडे हिरवी खूण आली. फक्त इमारतीच्या मेलचा पासवर्ड द्या."

सेक्रेटरी खिशातून चष्मा काढतात. चष्म्याच्या घरातून कागद काढतात. कागदावर पासवर्ड नाही, गेल्या वर्षीच्या लिफ्टवाल्याचं नाव. एक पासवर्ड घातला, लाल फुली. दुसरा घातला, लाल फुली. तिसऱ्याला ते यंत्र म्हणालं, आता पंधरा मिनिटं थांबा. पंधरा मिनिटं दोघं त्या फुलीकडे बघत बसले. मी माझ्या उंबऱ्यात मेथी… नाही, शेंगा सोलत होते. शेवटी न राहवून म्हटलं, "भाऊजी, तुमच्या थोरल्या मुलीचं लाडाचं नाव, पुढे घराचा नंबर, आणि शेवटी ती चांदणीची खूण."

सेक्रेटरी बाहेर आले. "वहिनी, तुम्हाला कसा माहीत?"

"तुम्ही तो टाइप करताना मोठ्याने म्हणता. सहा वर्षं म्हणताय. बाहेरून दूधवाल्यालाही पाठ असेल."

"ठीक आहे. शेवटी चांदणी एक की दोन?"

आणि इथे, तुम्हाला सांगते, माझ्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. शेंगांची परात खाली ठेवली. म्हटलं, "चांदण्यांचं नंतर बघू. आधी मला मधून काढायचं म्हणजे काय, ते सांगा."

सेक्रेटरींनी ढगवालीकडे बघितलं, ढगवालीने पडद्याकडे. "वहिनी, मुद्दा असा, की प्रत्येक गोष्ट तुमच्याकडून जाते. कुठेही अधिकृत नोंद नाही, तारीख नाही, पुरावा नाही…"

"नोंद नाही?" मी आत गेले आणि वही आणून टेबलावर ठेवली. नुसती ठेवली. आवाज जरा मोठा झाला असेल. "बावीस वर्षांच्या नऊ वह्या माळ्यावर आहेत. ही दहावी, चालू. तीनशे चाळीस नोंदी आहेत यात. तुमच्या त्या चौकोनात ही वही जाणार असेल तर चांदण्या सांगते. नाहीतर बसा फुल्या मोजत."

सेक्रेटरी म्हणाले, "हे जरा…" पण ढगवाली म्हणाली, "काका, जुनी नोंद आत असलेली बरी. कुठला नळ कितव्यांदा बिघडला, हे कळेल."

मी म्हटलं, "दोन चांदण्या."

हिरवी खूण आली. माझ्या वहीशिवाय आली नसती, एवढं लक्षात ठेवा.

त्याच संध्याकाळी तिने चाचणी केली. फॉर्ममधे नाव लिहिलं 'टेस्ट', तक्रार लिहिली 'नळ गळतो', आणि बटण दाबलं. बाण धावले, सगळे आनंदले, सेक्रेटरींनी टाळी वाजवली. आणि वीस मिनिटांनी नळवाला हजर, घामाघूम, पाना हातात. "मावशी, टेस्टबाई कितव्या मजल्यावर?" त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार होतं? एरवी सगळं मी सांगायची. त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि आला आहेस तर आमच्या मोरीचा नळ बघ म्हटलं. म्हणजे गळणारा नळ होता, हे खरंच निघालं.

मग रविवारी ढगवालीने वहीच्या एकेका पानाचा फोटो काढला, आणि यंत्राने माझं अक्षर ओळखून तक्त्यात भरलं. माझं अक्षर, तुम्हाला सांगते, ह्यांनाही वाचता येत नाही, पण यंत्राने वाचलं. इथे मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल आदर वाटला. ढगवाली वाचत होती आणि तिचे खांदे हलत होते. मग म्हणाली, "काकू, हा शेऱ्याचा रकाना मी बाहेर काढणार आहे हं. सगळं आत येऊ दे, मग साफ करते. आणि या सगळ्या ओळींवर 'जुनं' असा शिक्का मारते. तोपर्यंत कुणीही चालू करायचं नाही. त्याला जुनं-नवं कळत नाही. पहिल्यांदा डोळे उघडले की समोर दिसेल ते त्याला आत्ताच घडलेलं वाटतं."

मी म्हटलं, "शेरा काढलास तर वहीत राहिलं काय?"

"काकू, शेरे लोकांनी वाचले तर या इमारतीत राहील काय?"

एवढी हुशार मुलगी. पण तिला आमचे सेक्रेटरी माहीत नव्हते.

एक तारीख, सकाळ. फलकावर सूचना लागलेली, पट्टीने आखून: "नवीन तक्रार व्यवस्थेचा प्रारंभ, ठीक अकरा वाजता." खोलीत सगळी घरं जमलेली. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं, चौथ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, पाचव्यावरचे गाण्याचे मास्तर, हातात काठी. प्रत्येकाच्या हातात फोन. मी मागे, दारात. अकराला तीन मिनिटं कमी, ढगवाली घाईघाईने तक्ता साफ करतेय, आणि तिच्या ऑफिसचा फोन आला. ती उठली, म्हणाली, "दोन मिनिटं. बटणाला हात लावू नका." आणि गेली जिन्यात.

अकरा वाजले. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. सूचना बघितली. पुन्हा घड्याळ बघितलं. सूचनेत 'ठीक अकरा' लिहिलेलं, आणि तेही स्वतःच्या हाताने. मी म्हटलं, "भाऊजी, ती म्हणाली ना…"

"वहिनी, दिलेली वेळ म्हणजे दिलेली वेळ."

आणि दाबलं.

आधी एक फोन वाजला. मग दोन. मग सगळ्या खोलीतले फोन एकदम असे वाजायला लागले, की मास्तर उठून उभे राहिले, त्यांना वाटलं टाळ्या पडतायत. तीनशे चाळीस नोंदी, तारीख, मजला, म्हणणं आणि शेरा, एकामागून एक, सगळ्यांच्या ग्रुपवर. सेक्रेटरी बटण दाबतायत बंद करायला, पण पाण्याचा पाइप फुटल्यावर नळ बंद करून काय होतं?

पहिलं मोठ्याने वाचलं दुसऱ्या मजल्यावरच्या नवऱ्याने. "दुसरा मजला. म्हणणं: वरून पाणी झिरपतं. शेरा: झिरपत नाही. वरच्यांशी अबोला आहे." त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे, आणि वरच्यांनी दोघांकडे.

मग आलं: "सेक्रेटरी. म्हणणं: जिन्यातला दिवा सारखा चालू कोण ठेवतं, शोध घ्यावा. शेरा: स्वतःच. सांगितलं नाही, वाईट वाटेल." सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, लावला. तरी तेच लिहिलेलं.

मग मास्तरांनी आपला फोन लांब धरून, गाण्याच्या चालीत एकेक अक्षर लावत वाचलं: "पाचवा मजला. म्हणणं: बेल वाजत नाही. शेरा: बेल वाजते. मास्तरांना ऐकू येत नाही. सांगू नये. मोठ्या आवाजाची बेल बसवावी." मास्तर खाली बसले. म्हणाले, "म्हणून होय ती नवी बेल एवढी बेसूर."

तेवढ्यात नळवाल्याचा फोन. त्याच्याकडे एकट्याकडे एकशे बारा नळ गेले होते. "मावशी, इमारत उभी आहे ना?"

ढगवाली धावत आली, एक कुठलंसं बटण दाबलं आणि सगळं थांबलं. पण वाचणं थांबलं नाही. सगळ्यांच्या माना खाली, अंगठे वर सरकतायत. मग दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं या आमच्यावर पाळत ठेवून होत्या."

बघा, मला त्या वेळी गप्प बसता आलं असतं. यंत्राने अक्षर चुकीचं वाचलं, असंही म्हणता आलं असतं. ढगवालीने डोळ्याने तशी खूणही केली. पण मी पुढे आले. म्हटलं, "अक्षर माझं आहे. एकेक ओळ माझी आहे. तुम्ही गावाला गेलात की तुमच्या मांजराला कोण खाऊ घालतं, तेही मी लिहिलंय, ते वाचलंत का? यात खोटं काय आहे, ते दाखवा, मी पान फाडते."

खोटं कुणी दाखवलं नाही. पण खरं असलं म्हणून लोक काय खूश होतात थोडेच? एकेक करून लोक माझ्या दाराशी आले, आत हात घालून फळीवरून आपापली किल्ली काढली आणि गेले. सेक्रेटरींनी काढली, तेव्हा आकडाही सरळ करून गेले. संध्याकाळपर्यंत दहातल्या सात गेल्या. तुम्हाला सांगते, नुसता आकडा एवढा मोठा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

ह्यांनी घड्याळ बाजूला ठेवलं, भिंग काढलं. म्हणाले, "बाहेरून झाकण काढलं की सगळ्यांनाच चाकं बघून धडकी भरते. थांब जरा. परत बसेल."

मी म्हटलं, "बसो न बसो. मी एक अक्षर मागे घेणार नाही." आणि मग जरा वेळ पदराने फळी पुसली. धूळ होती.

दिवे लागायच्या सुमारास दार वाजलं. चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. त्यांचीही किल्ली गेलेली होती. हातात फोन. म्हणाल्या, "काकू, एक विचारू?" आणि फोन माझ्यापुढे धरला. मला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, पण ओळ पाठ होती. चौथा मजला. म्हणणं: काही नाही. शेरा: जिन्यात बसून रडत होत्या. विचारलं नाही. उद्या साखर मागायला जावं. आणि खालची ओळ: साखर आणली. चहा झाला. एकदा हसल्या.

"तुम्हाला त्या दिवशी साखर नको होती?"

म्हटलं, "बाई, ह्यांना डॉक्टरांनी साखर बंद केलीय, त्याला आठ वर्षं झाली."

एका वाटीभर साखरेसाठी बाईमाणूस एवढं का बघत राहतं? मग त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि स्वतःच्या हाताने आकड्याला लावली. लावताना ती आकड्याला दोनदा लागली. जाता जाता म्हणाल्या, "ती वाटी अजून तुमच्याकडेच आहे."

आता वाटी माझ्याकडे राहिली, यात माझं काय चुकलं? त्यांनीच परत मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तर दार ओढून पेपर आणायला खाली आले आणि किल्ली आत. त्यांनी आदल्या दिवशी माझ्याकडची काढून नेली होती ना, तीही आतच, टेबलावर. कुलूपवाल्याला फॉर्म भरून बोलवायचं तर फोनही आत. मी बोलावलेला कुलूपवाला येईपर्यंत तीन तास माझ्या खुर्चीत बसले, ह्यांच्या घड्याळांची टिकटिक ऐकत. ऐकत म्हणजे, ऐकतोय असं दाखवत. कुलूप उघडल्यावर किल्ली घेऊन स्वतः खाली आले.

आणि मग सेक्रेटरी आले. दारातच उभे. "वहिनी, मुद्दा क्रमांक एक. दिवा मीच ठेवत होतो." मुद्दा क्रमांक दोन काही सुचेना, तेव्हा मीच म्हटलं, "भाऊजी, एकच सांगा. त्या दिवशी लिफ्टमधे म्हणालात, काकूंना मधून काढायचं, म्हणजे मग… पुढे काय होतं?"

"म्हणजे मग त्यांच्या गुडघ्यांना आराम. प्रत्येक तक्रारीला तुम्ही उठता, दार उघडता, नळवाल्याला वर घेऊन जाता. मी हिला तेच सांगत होतो." मागे ढगवाली उभी होती, तिने मान हलवली. मग सेक्रेटरी जरा खाकरले. "आणि… वही बंद करायची होती, हेही खरं."

बघा. म्हणजे काढायचं होतं, हे खरंच. गुडघ्यांसाठी होतं, हेही असेल. निम्मं मी रागावले ते बरोबर, निम्मं वाया गेलं. ह्यांना मात्र हे मी सांगितलेलं नाही.

ढगवाली आत येऊन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "काकू, चूक माझी. मी मधे माणूसच ठेवला नव्हता. आता एक चौकोन वाढवलाय." आणि माझ्या फोनवर काहीतरी बसवून दिलं. आता काय होतं, तर कुणी फॉर्म भरला की बाण निघतो, आणि थेट नळवाल्याकडे नाही जात, ग्रुपवर नाही जात. आधी माझ्या फोनवर येऊन उभा राहतो. दोन बटणं. 'जाऊ दे' आणि 'थांब'. मी 'जाऊ दे' म्हटलं तरच पुढे. वही बंद. शेरा लिहायला जागा नाही. नुसतं एक बटण दाबायचं.

पहिल्या दिवशी मला फार भारी वाटलं, खोटं कशाला सांगू. सेक्रेटरींचं स्वतःचं म्हणणं आलं, लिफ्टचा आरसा पुसलेला नाही. 'थांब' दाबलं आणि बाहेर जाऊन आरसा पुसून आले. दुसऱ्या मजल्याचं आलं, वरून पाणी झिरपतं. हेही 'थांब'. वरच्यांना आणि खालच्यांना ढगवालीच्या तोंडून एकाच वेळी दूध आणायला पाठवलं, एकाच लिफ्टने. अजून अबोला आहे त्यांचा माझ्याशी, दुसऱ्या मजल्याचा. त्यांचा आकडा अजून रिकामाच. पण परवा गावाला जाताना किल्ली माझ्या पायपुसण्याखाली ठेवून गेले, मांजराचं काही न बोलता. म्हणजे बोलणं नाही, पण किल्ली आहे. मांजर ठीक आहे.

पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पूर्वी लोक दारात येऊन हाक मारायचे, आणि दुपारी बघायचे की दार लोटलंय, काकू पडल्या असतील, आणि मागे फिरायचे. या बाणाला दुपार कळत नाही. जेवायला बसले, टिंग. अंघोळीला गेले, टिंग. मास्तरांनी फॉर्म शिकून घेतलाय, ते त्यात मला रोज सकाळी कसं काय विचारतात, आणि मी 'जाऊ दे' म्हटलं तर ते सगळ्या ग्रुपला जातं, 'थांब' म्हटलं तर मास्तरांना वाईट वाटतं. मग मी पाच मजले चढून जाते, लिफ्ट हवी तेव्हा कुठे खाली असते, आणि दोनदा ठोठावते. आणि गुडघ्यांना आराम म्हणे.

तर असं आहे. मी अजूनही कुणाच्या मधे पडत नाही. आधी माझं दार मधे होतं, आता माझं बोट मधे आहे. फरक एवढाच, की दार दुपारी लोटून तासभर पडता यायचं. आता हे बोट कुठे लोटून ठेवू, तुम्हीच सांगा… थांबा हं, टिंग वाजलं.